किरमिजी रंग आणि फड्या निवडुंग

दख्खनच्या माळावर, पडक्या गढीच्या पायथ्याशी किंवा गावाबाहेरच्या पांदीला लागून उभा असलेला फड्या निवडुंग पाहून, हा या भूमीचा मूळचा रहिवासी नसावा अशी शंका सहसा कोणाला येत नाही. इतका तो येथील खडकाशी आणि उन्हाशी एकजीव झालेला आहे. वैद्यकग्रंथांतील स्नुही, म्हणजे मोडताच पांढरा चीक गाळणारा आपला जुना निवडुंग, हे सर्वस्वी निराळे कूळ. फड्या निवडुंग अमेरिका खंडातला, आणि हिंदुस्थानात त्याची हौसेने जोपासना झाली ती त्याच्या फुलाफळांसाठी नव्हे, तर त्याच्यावर जगणाऱ्या एका किड्यासाठी.

हा किडा कोचिनीलचा. त्याची मादी निवडुंगाच्या फड्यात सोंड खुपसून जन्मभर एकाच जागी रस शोषीत बसते आणि अंगावर पांढऱ्या मेणचट कापसाचे आवरण धरते. दुरून पाहणाऱ्यास फड्याला बुरशी लागल्याचा भास व्हावा, पण तोच ठिपका चिमटीत चिरडला की बोटे गर्द किरमिजी होतात. मेक्सिकोतील, विशेषतः वाहाका प्रांतातील, रयत हे किडे पिढ्यान्‌पिढ्या पोसून, झाडून, उन्हात वाळवून विकीत असे, आणि एक पौंड वजन भरण्यास असे सुमारे ७०,००० किडे लागत. १५२१ मध्ये मेक्सिको स्पेनच्या ताब्यात गेल्यावर या रंगाचा मक्ताही स्पेनकडे गेला, आणि रुप्याच्या खालोखाल मोलाचा माल म्हणून तो युरोपात उतरू लागला. इंग्रज अंमलदारांचे लाल डगले याच रंगात बुडत असल्यामुळे, आपल्या फौजेच्या रुबाबाची किंमत प्रतिवर्षी प्रतिस्पर्ध्याच्या पदरात टाकावी लागते, हे शल्य लंडनच्या व्यापाऱ्यांना बोचत होते यात नवल नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातील वरिष्ठ वैद्य जेम्स अँडरसन यांनी १७८६ च्या सुमारास या प्रश्नी लंडनचे निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांच्याशी पत्रव्यवहार आरंभिला, आणि मद्रासजवळ सैदापेठ येथे निवडुंगाची बाग उभी राहिली. अशा रीतीने यजमानाची सिद्धता झाली, पण पाहुण्याचा पत्ता नव्हता. अखेर १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलमधील रिओ दि जानेरोहून काही किडे बंगालमध्ये आणले. परंतु ते वाहाकाचे पोसलेले जातिवंत किडे नसून त्यांचे रानटी भाऊबंद होते, त्यांचा रंग हलका निघाला, आणि व्यापाराच्या दृष्टीने हा सारा खटाटोप बुडीत खाती जमा झाला. एवढ्या चतुर व्यापारी मंडळींनी मालाची जात न पारखता सौदा करावा, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

किड्याने मात्र वेगळेच काम केले. निवडुंगाच्या ओपुन्शिया मोनाकँथा या जातीवर त्याचा असा काही जीव जडला की उत्तर हिंदुस्थानात ठिकठिकाणी तिची बेटे उभीच्या उभी करपली, आणि ते पाहून १८३६ ते १८३८ या काळात हाच किडा दक्षिणेत मुद्दाम नेण्यात आला. तण मारण्यासाठी किडा योजण्याच्या शास्त्रातील हा अगदी आरंभीचा यशस्वी प्रयोग म्हणून आज गणला जातो. परंतु दक्षिणेत पसरलेल्या पिवळ्या काट्यांच्या डिलेनी जातीला त्याने तोंडही लावले नाही.

त्या जातीचा विस्तार थोपविणे माणसाच्या हातचे नव्हते. आपण ज्यास फडा म्हणतो ते पान नसून खोड आहे. त्याची रंध्रे रात्रीच्या गारव्यात उघडतात आणि दिवसा मिटलेली राहतात, म्हणून वैशाखातही त्यातील पाणी टिकते. तोडलेला फडा जमिनीवर पडला की तेथेच मूळ धरतो, आणि पक्षी जांभळी फळे खाऊन बी दूरवर टाकतात. मोठ्या काट्यांपेक्षा त्यांच्या बुडाशी असलेली बारीक कुसळे अधिक दुष्ट. म्हणून फळ दगडावर नीट घासल्याखेरीज गुराखी पोर ते तोंडात घालीत नाही.

अशा झाडाची उपयुक्तता सरकारनेही ओळखली. मिठावरील जकात चुकवून कोणी पलीकडे जाऊ नये म्हणून पंजाबपासून बऱ्हाणपुराच्या बाजूपर्यंत जे अजस्र काटेरी कुंपण वाढविले गेले, त्यात बाभूळ, करवंद यांच्या जोडीने फड्या निवडुंगही होता. त्या कुंपणाच्या जकात-हद्दीवर एके काळी सुमारे १२,००० माणसे पहाऱ्यास होती, आणि १८६७ पासून काही वर्षे तिचे कमिशनर होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, जे पुढे १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या काँग्रेसचे सूत्रधार झाले. १८७९ मध्ये ती हद्द मोडली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी मात्र बांधावरचा निवडुंग राखलाच, आणि दुष्काळाच्या वर्षी फडे जाळावर धरून, काटे करपवून, तुकडे करून जनावरांपुढे टाकले. त्याने जनावर पुष्ट होत नसे, पण तग धरीत असे. याउलट गायरान आणि पांदी गिळणारा, सापांना आणि रानडुकरांना आसरा देणारा हाच निवडुंग तोडताना, प्रत्येक तुकडा जाळावा किंवा खोल पुरावा लागे, नाही तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी नवी जाळी उभी राही.

किरमिजी रंगाचा प्रश्न तोवर युरोपातील रसायनशाळांनी कृत्रिम रंग काढून निकालात काढला होता. १९२६ मध्ये कोचिनीलची आणखी एक जात, डॅक्टिलोपियस ओपुन्शिए, सिंहलद्वीपातून दक्षिण हिंदुस्थानात आणली गेली, ती रंगासाठी नव्हे तर थेट संहारासाठी. तिने काही वर्षांतच डिलेनीची जंगले आडवी केली: पांढऱ्या कापसाने माखलेले फडे पिवळे पडत, लोंबत आणि कुजून गळत. गायराने मोकळी झाली. पण ज्यांची सारी राखण या काट्यांवर होती त्यांचे बांध उघडे पडले, आणि गुरे हाकण्यात जीव मेटाकुटीस आलेल्या शेतकऱ्यांना तेथे शेर, घायपात, अगर ऐपत असल्यास काटेरी तार लावावी लागली.