नायट्रेट की अॅसिटेट: एकाच कापसाच्या दोन फिल्म

मागच्या व्याख्यानात आपण सेल्युलोजची रचना पाहिली. आज त्याचा इतिहास बघू, पण एकाच वस्तूच्या अंगानं: सिनेमाची फिल्म.

उजळणी थोडक्यात. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी, प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट. या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की कापूस पाण्यात विरघळत नाही आणि तापवला तर वितळायच्या आधीच करपतो. मग त्याला साच्यात घालणार कसं? हायड्रॉक्सिलच्या जागी दुसरं काहीतरी बसवून. काय बसवलं, त्यावर पुढचं सगळं ठरलं.

1846 साली बाझलच्या शोनबाइन यांनी नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणातून कापूस काढला. दिसायला तसाच, पण ठिणगी लागली की भस्सकन नाहीसा. हा गनकॉटन. नायट्रेट गट जरा कमी बसवले, तर तोच कापूस ईथर-अल्कोहोलमध्ये विरघळतो. पार्क्स यांनी अशा पदार्थाच्या वस्तू 1862 च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडल्या. अमेरिकेत जॉन हयात बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूला पर्याय शोधत होते. त्यांनी यात कापूर मिसळला (हो, आपल्या आरतीतला कापूर!) आणि 1870 साली पेटंट घेतलं. तेच सेल्युलॉइड. हत्ती वाचवणारा वनस्पतिजन्य पदार्थ म्हणून त्याचं कौतुकही झालं. 1889 पासून ईस्टमन यांच्या कंपनीची फिल्म त्याचीच. फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र'ही नायट्रेट फिल्मवरचाच.

आता गोम अशी, की नायट्रेट गटात ऑक्सिजन असतोच. त्यामुळे पेटलेली फिल्म पाण्याखालीही जळत राहते. नुसती ठेवली तरी कुजते, आणि त्यातून सुटणारे वायू तिला आणखी कुजवतात. 2003 साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. मूळ निगेटिव्ह गेली, तर ती परत कुठून आणणार?

नायट्रेटऐवजी अॅसिटेट बसवलं, की तीच साखळी भडकत नाही. म्हणून हिचं नाव 'सेफ्टी फिल्म'. 1950 च्या सुमारास सिनेमा तिच्याकडे वळला. पण दमट, उबदार हवेत अॅसिटेट गटही सुटू लागतात आणि त्यांचं अॅसिटिक आम्ल होतं. मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला, तर तो डबा आधी बाकीच्यांपासून वेगळा काढायचा.