तुरटी फिरवली की गढूळ पाणी का निवळतं?

पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा, सारंगखेडा परिसरात तापीचं पाणी मातकट होतं. ते बादलीत भरून ठेवलं तर वाळू लगेच तळाशी जाते, गढूळपणा मात्र बराच वेळ तसाच राहतो. असं का?

कण एकमेकांना ढकलतात

हा गढूळपणा चिकणमाती आणि सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. काही कण १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. सिलिका हा वाळूचा मुख्य घटक. पाण्यात सिलिकाच्या पृष्ठभागावरून हायड्रोजन आयन सुटतात आणि कणावर ऋण विद्युतभार उरतो. चिकणमातीच्या कणांवरही साधारणपणे ऋणभारच असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात. त्यामुळे ते एकत्र येऊन जड होत नाहीत आणि तळाशी बसत नाहीत.

तुरटी काय करते?

तुरटीतल्या ॲल्युमिनियमचे धनभारित आयन हा ऋणभार कमी करतात. मग कण एकमेकांना चिकटतात. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या पुंजक्यांत ते अडकतात आणि खाली बसतात.

जास्त तुरटी घातली तर?

मात्रा बेताबाहेर गेली तर कणांवर धनभार चढू शकतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. म्हणूनच जलशुद्धीकरण केंद्रात पाण्याच्या नमुन्यांवर वेगवेगळ्या मात्रा वापरून योग्य प्रमाण ठरवतात.

निवळलेलं पाणी पिण्यायोग्य असतं का?

तेवढ्यानं नाही. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही रोगजंतू राहू शकतात. वरचं निवळ पाणी अलगद काढून घ्यावं, गाळावं आणि उकळूनच प्यावं किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरिन वापरावं.