कैरोचे झब्बालीन

१९४० च्या दशकात दक्षिण इजिप्तमधील गरीब शेतकरी पोटासाठी कैरोत आले. त्यांतील बहुसंख्य कॉप्टिक ख्रिस्ती होते. गाढवगाडीतून घरोघरचा केरकचरा आणून हाताने निवडणे हा त्यांचा व्यवसाय बनला. लोक त्यांना ‘झब्बालीन’, म्हणजे कचरेवाले, म्हणू लागले. उष्टेखरकटे ते डुकरांना घालीत. कागद, चिंध्या, काच, पत्रा पुन्हा वापरात जाई. आणलेल्या कचऱ्यापैकी सुमारे ८० टक्के असा सार्थकी लागे. धर्मभगिनी एमॅन्युएल १९७१ पासून अनेक वर्षे त्यांच्यातच राहिल्या.

२००९ साली स्वाइन फ्ल्यूच्या भीतीने सरकारने डुकरे मारविली आणि कैरोच्या रस्त्यांवर खरकटे कुजू लागले. ज्यांना शहराने हीन लेखले, त्यांच्याच हातांवर त्याची स्वच्छता उभी होती. आपल्या दारी येणाऱ्या कचरेवाल्याविषयीही हेच खरे नाही काय?