न येणाऱ्या रुग्णांची मोजणी

आपल्या गावातला डॉक्टर चांगला की नाही, हे आपण कशावरून ठरवतो? हाताला गुण आहे, बोलणे गोड आहे, फी माफक आहे, दवाखान्यात गर्दी असते. ही सगळी माहिती दवाखान्यात आलेल्या आणि बरे होऊन गेलेल्या माणसांकडून मिळते. जे आलेच नाहीत, आपल्याला आजार आहे हेच ज्यांना ठाऊक नाही किंवा जे मरण पावले, त्यांची बाजू या हिशेबात येत नाही. गणिताच्या भाषेत सांगायचे, तर आपल्याला अपूर्णांकाचा अंश दिसतो, छेद दिसत नाही. साध्या दवाखान्यांतील उपचारांचा दर्जा मोजताना हा छेद कसा हाती आला, याचा इतिहास ब्रिटनमध्ये पाहायला मिळतो.

यादी होती, तपासणी नव्हती

जुलै १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. प्रत्येक नागरिकाला एका फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवता येऊ लागले. आपल्यावर किती आणि कोणत्या माणसांची जबाबदारी आहे, याची यादी त्यामुळे डॉक्टरच्या हाती आली. परंतु दवाखान्याच्या दाराआड काय चालते, हे कोणी पाहिले नव्हते.

ते काम जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने केले. इंग्लंडमधील ५५ दवाखान्यांत तो स्वतः गेला आणि १९५० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. काही दवाखाने उत्तम होते. पण औद्योगिक वस्त्यांतील अनेक दवाखान्यांची स्थिती इतकी वाईट होती, की त्यांच्यापासून जनतेला धोका आहे, असे त्याने म्हटले. अहवालाने बरीच खळबळ उडाली. १९५२ मध्ये सामान्य व्यावसायिक डॉक्टरांनी आपले स्वतंत्र कॉलेज स्थापन केले, त्यामागे ही अस्वस्थता होती.

एका खाणगावातील रक्तदाब

ज्युलियन ट्यूडर हार्ट (१९२७–२०१८) हे १९६१ मध्ये दक्षिण वेल्समधील ग्लिनकोरुग या कोळसा खाणकामगारांच्या गावी डॉक्टर म्हणून आले. रिचर्ड डॉल आणि आर्ची कॉक्रन या नामवंत संशोधकांबरोबर त्यांनी आधी काम केले होते. त्यामुळे संपूर्ण लोकसमूहाचा एकत्र विचार करण्याची त्यांना सवय होती.

फार वाढलेला रक्तदाब औषधाने खाली आणला, तर पक्षाघातासारखे धोके कमी होतात, हे १९६७ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगातून सिद्ध झाले. अडचण अशी, की वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तक्रार नसलेला माणूस दवाखान्यात येणार कशाला? १९६८ मध्ये हार्ट यांनी ठरवले, की यादीतील प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचा. कोणी खोकल्यासाठी येवो वा पाठदुखीसाठी, त्याचा रक्तदाब मोजून केसपेपरवर लिहिला जाई. मग यादी काढून कोण राहिले ते पाहायचे आणि त्यांना गाठायचे. या कामात त्यांची पत्नी मेरी आणि दवाखान्यातील सहकारी सामील होते.

सगळ्यांना मोजणे का आवश्यक आहे, हे त्या काळी प्रचलित झालेल्या ‘निम्म्याच्या नियमा’वरून समजते. एखाद्या वस्तीत उच्च रक्तदाबाचे ८०० रुग्ण आहेत असे समजू. त्यांपैकी निम्म्यांचे, म्हणजे ४०० जणांचे निदान झालेले असते. त्यांतील निम्म्यांवर, २०० जणांवर उपचार चालू असतात. त्यांतल्याही निम्म्यांचाच, म्हणजे १०० जणांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात असतो. डॉक्टरच्या समोर येणारे २०० रुग्ण पाहिले, तर यश ५० टक्के वाटते. सगळी वस्ती पाहिली, तर ते साडेबारा टक्के ठरते.

पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब हार्ट यांनी १९९१ मध्ये मांडला. अशी मोहीम न झालेल्या शेजारच्या तशाच गावाच्या तुलनेत ग्लिनकोरुगमध्ये ६५ वर्षांखालील मृत्यूंचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक कमी होते. दोनच गावांच्या तुलनेवरून पक्का कार्यकारणभाव ठरत नाही, हे खरे. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता.

१९७१ मध्ये त्यांनी मांडलेला ‘व्यस्त सेवेचा नियम’ अधिक प्रसिद्ध आहे. जिथे आजार जास्त, तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, असे व्यस्त प्रमाण आढळते. आरोग्यसेवा बाजारावर सोपवली, की ते आणखी तीव्र होते, असे त्यांचे म्हणणे होते.

मृत्यूंचा हिशेब

हार्ट यांनी आपल्या दवाखान्यातील सलग ५०० मृत्यूंचीही छाननी केली आणि १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली. जवळपास निम्म्या मृत्यूंमध्ये टाळता येण्याजोगे काही ना काही कारण सापडले. पुष्कळ ठिकाणी ते धूम्रपानासारखे होते, तर काही ठिकाणी खुद्द डॉक्टरकडून राहून गेलेली गोष्ट होती. तीही त्यांनी छापली.

असा हिशेब कोणीच ठेवला नाही तर काय होते, हे मँचेस्टरजवळच्या हाइड गावात दिसले. तेथील हॅरॉल्ड शिपमन हा डॉक्टर रुग्णप्रिय होता. त्याच्या रुग्णांचे मृत्यू फारच जास्त होत आहेत, ही शंका मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातील डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी अधिकाऱ्यांकडे मांडली. दहनाच्या कागदपत्रांवर सह्या करताना त्यांना हे जाणवले होते. पोलिसांना त्या वेळी पुरावा सापडला नाही. जानेवारी २००० मध्ये १५ खुनांबद्दल शिपमन दोषी ठरला. पुढे चौकशी आयोगाने २००२ च्या अहवालात त्याच्या बळींची संख्या २१५ दिली. मृत्यूंच्या आकड्यांवर लक्ष ठेवले असते, तर १९८० च्या दशकाच्या मध्यावरच धोक्याची घंटा वाजली असती, असे संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगेलहाल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

मात्र आकडा म्हणजे निकाल नव्हे. हीच पद्धत इतर डॉक्टरांना लावली, तेव्हा आणखी एकाचे आकडे फार चढे निघाले. चौकशीत कळले, की त्याचा दवाखाना निवृत्त वृद्धांच्या वस्तीत होता आणि शेवटचे दिवस घरीच काढू इच्छिणाऱ्यांची तो मनापासून काळजी घेत असे. आकड्याने प्रश्न विचारला, उत्तर मात्र दवाखान्यात जाऊनच मिळाले.

आपल्याकडे खासगी डॉक्टरकडे अशी यादी सहसा नसते. रुग्ण आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे छेद शोधणे अवघड आहे. पण प्रश्नाची सवय वर्गात लावता येईल. आठवी-नववीच्या मुलांसमोर निम्म्याच्या नियमाचे गणित मांडावे आणि निदान न झालेल्या ४०० जणांना कसे शोधाल, असे विचारावे. मुलांची उत्तरे आमच्याकडे जरूर पाठवा.