खोडलेले कलम

नायजरच्या त्रिभुज प्रदेशात पामची झाडे आत, इग्बो मुलखात, आणि लिव्हरपूलची जहाजे खाडीच्या तोंडाशी. मध्ये खारफुटीचे जाळे. साबण, मेणबत्त्या आणि यंत्रांच्या वंगणासाठी इंग्लंडला हवे असलेले तेल या जाळ्यातून होड्यांनी आणणारी दलाल घराणी हीच तिथली खरी सत्ता होती. व्यापारी त्यांना आगाऊ माल उधार देत आणि तेलाची वाट बघत बसत.

बॉनीच्या ॲना पेपल घराण्यात जाजा आला तो गुलाम म्हणून. १८६३ साली तो घराण्याचा प्रमुख झाला, तेव्हा वाट्याला आधी कर्जच आले. ते त्याने दोनेक वर्षांत फेडले. १८६९ मध्ये मॅनिला पेपल या प्रतिस्पर्धी घराण्याशी युद्ध पेटले. जाजा आपली माणसे घेऊन पूर्वेला सरकला आणि त्याने ओपोबो वसवले. जागा अशी हेरली, की इमो नदीवरच्या बाजारांची वाटच त्याच्या मुठीत आली. १८७३ मध्ये इंग्रजांनी त्याला राजा मानले.

मला या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते ती १८८४ची घटना. संरक्षणाच्या तहाचा मसुदा आला, तेव्हा जाजाने विचारले, ‘संरक्षण’ म्हणजे नेमके काय? कॉन्सल ह्युएटने लेखी कळवले, की राणीला तुमचा देश नको, तुमचे बाजारही नकोत. तरीही जाजाने मुक्त व्यापाराचे कलम गाळायला लावले आणि मगच सही केली. परक्याचा कागद इतक्या बारकाईने वाचणारा राजा भोळा म्हणता येणार नाही. तो सज्जन होता असेही नाही. स्वतः पक्का मक्तेदार, गुलाम बाळगणारा.

पुढे तेलाचे भाव पडले. गोऱ्या कंपन्यांनी एकी करून खरेदीचा दर पाडला, तर जाजाने आपले तेल थेट इंग्लंडला पाठवायला सुरुवात केली. हे मात्र त्यांना सोसेना. १८८७ मध्ये हंगामी कॉन्सल हॅरी जॉन्स्टनने, वय वर्षे एकोणतीस, त्याला ‘गॉसहॉक’ या युद्धनौकेवर बोलणीसाठी बोलावले. परत जाऊ देण्याची हमी दिली. नौकेवर पर्याय ठेवले ते असे : अक्राला चौकशीला चला, नाहीतर परत जा आणि ब्रिटिशांचे शत्रू ठरा. हमी शब्दशः पाळली गेली, असेही म्हणता येईल!

चौकशीनंतर त्याला वेस्ट इंडीजमधल्या सेंट व्हिन्सेंटला धाडले. १८९१ मध्ये परतीची परवानगी मिळाली, पण वाटेत तेनेरीफ बेटावर तो वारला. पुढे त्याचा देह तिथून ओपोबोला आणून पुरण्यात आला.