नाशिकरोडची नोट आणि अठरा पेन्सांचा रुपया : महामंदीत नेत्यांनी काय केले?

१/ आज एकलहरे म्हटले की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या डोळ्यांसमोर येतात. त्या उभ्या राहण्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी, शेजारच्या नाशिकरोडला दुसरा एक सरकारी कारखाना सुरू झाला होता : नोटांचा छापखाना. तोवर हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. १९२८ मध्ये नाशिकरोडला त्यांची छपाई सुरू झाली आणि १९३२ पर्यंत सर्व किमतींच्या नोटा येथेच छापल्या जाऊ लागल्या.

२/ नेमकी हीच वर्षे जागतिक महामंदीची. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि शेतमालाचे भाव जगभर गडगडले. १९२९ ते १९३३ या काळात हिंदुस्थानातील घाऊक भाव सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरले. नोट नाशिकरोडला छापली जात होती. परंतु तिचे मोल काय असावे, हा निर्णय लंडनच्या हाती होता. महामंदीतील नेत्यांच्या भूमिका समजून घ्यायच्या तर आधी हा पेच समजून घ्यावा लागतो.

३/ वाद होता हुंडणावळीचा, म्हणजे रुपयाच्या विनिमय दराचा. पहिल्या महायुद्धापूर्वी एका रुपयाचे १६ पेन्स मिळत. १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने १८ पेन्सांची शिफारस केली. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सांचा आग्रह धरला. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सांवर शिक्कामोर्तब झाले.

४/ दोन पेन्सांनी काय बिघडते? एका पौंडाचे २४० पेन्स. एक पौंड किमतीचा कापूस परदेशी विकला, तर १६ पेन्सांच्या दराने हाती १५ रुपये येतात. १८ पेन्सांच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. उलट सरकारला इंग्लंडमध्ये निवृत्तिवेतने, व्याज आणि लष्करी खर्चापोटी दरवर्षी 'होम चार्जेस' भरावे लागत. त्या प्रत्येक पौंडामागे सरकारचे तेवढेच रुपये वाचत. उत्पादकाचा तोटा आणि सरकारची बचत ही एकाच हिशेबाची दोन टोके होती.

५/ मंदी आल्यावर हा दर टिकवणे अवघड झाले. त्यासाठी सरकारने चलन आकसून घेतले. भाव आधीच पडत असताना बाजारातील पैसाही कमी झाला. शेतसारा मात्र रोखीत आणि ठरलेल्या आकड्यात. बाजरीचा भाव निम्मा झाला की तोच सारा भरण्यासाठी दुप्पट बाजरी विकावी लागे. सावकाराचे देणेही रुपयांतच. म्हणजे कागदावर न वाढता ते प्रत्यक्षात दुप्पट झाले.

६/ ३० जानेवारी १९३० रोजी महात्मा गांधींनी 'यंग इंडिया'त अकरा मागण्या मांडल्या. मिठावरील कर रद्द करण्याची मागणी सर्वांना ठाऊक असते. त्याच यादीत शेतसारा निम्मा करा, लष्करी खर्च व वरिष्ठांचे पगार निम्मे करा, परदेशी कापडावर संरक्षक जकात बसवा आणि हुंडणावळ १६ पेन्सांवर आणा, याही मागण्या होत्या. मंदीच्या तोंडावर मांडलेला हा एक आर्थिक कार्यक्रमच होता. तो अमलात आणण्याची सत्ता मात्र त्यांच्या हाती नव्हती.

७/ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाची दुसरी बाजू आधीच दाखवली होती. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. रुपया स्वस्त केल्याने होणारा लाभ साऱ्या राष्ट्राचा नसतो, हा त्यांचा मुद्दा होता. भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि व्यापारी-उत्पादकाचा नफा मजुराच्या ताटातून येतो. 'राष्ट्रहित' म्हटले की त्यातील नेमके कोणाचे हित, हे त्यांनी विचारले.

८/ २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. रुपयाला मोकळे सोडण्याची संधी होती. परंतु लंडनच्या आदेशाने तो १८ पेन्सांच्याच दराने स्टर्लिंगला बांधला गेला. त्याच महिन्यात अर्थसदस्य सर जॉर्ज शूस्टर यांनी आणीबाणीचे अंदाजपत्रक मांडले : करांवर २५ टक्के अधिभार आणि सरकारी पगारांत १० टक्के कपात. लोकांची खरेदीशक्ती आटत असताना त्यांच्याकडून अधिक वसुली, हे सरकारचे उत्तर होते.

९/ स्टर्लिंग घसरल्यामुळे रुपयांत मोजलेला सोन्याचा भाव वाढला. देणी भागवण्यासाठी शेतकरी कुटुंबांनी दागिने मोडले. १९३१ ते १९३९ या काळात तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. काँग्रेस आणि भारतीय व्यापारी मंडळांनी निर्यातबंदी मागितली; सरकारने नाकारली. या सोन्यामुळे १८ पेन्सांचा दर तरला आणि लंडनची देणी सुरळीत चुकती झाली.

१०/ तुलनेसाठी अमेरिका पाहावी. मार्च १९३३ मध्ये रुझवेल्ट सत्तेवर आले. त्यांनी डॉलर सोन्यापासून सोडवला, १९३४ मध्ये सोन्याचा दर औंसाला २०.६७ वरून ३५ डॉलर केला आणि शेतमालाचे भाव वर आणणे हे सरकारचे उद्दिष्ट ठरवले. जनतेने निवडलेल्या नेत्याला चलनाला हात घालता आला. हिंदुस्थानातील नेते त्या काळात तुरुंगात होते किंवा गोलमेज परिषदेत वाटाघाटी करत होते.

११/ सरकारने काहीच केले नाही, असे मात्र नाही. १९३२ मध्ये साखरेला संरक्षक जकात मिळाली आणि काही वर्षांतच देशातील साखर कारखान्यांची संख्या सुमारे तीसवरून शंभराच्या पुढे गेली. नाशिक जिल्ह्यात वालचंद हिराचंद यांचा रावळगावचा कारखाना याच लाटेतला, १९३३ चा. पाण्याखालच्या उसाला यातून आधार मिळाला. कोरडवाहू बाजरीवाला जेथे होता तेथेच राहिला.

१२/ डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. तेथील कृषी कार्यक्रमात सारा व खंड कमी करणे, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट आणि कर्जनिवारण ही कलमे होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. आता नेत्यांच्या हाती निदान प्रांतापुरती सत्ता होती.

१३/ मात्र चलन प्रांताच्या अखत्यारीत नव्हते. १९३४ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेवर १८ पेन्सांचा दर सांभाळण्याचे बंधनच घातले होते. १९३५ च्या राज्यघटनेनुसार चलनविषयक विधेयक गव्हर्नर जनरलच्या पूर्वसंमतीवाचून केंद्रातही मांडता येत नसे. उरला कर्जाचा मार्ग. मुंबई प्रांताचा शेतकरी कर्जनिवारण कायदा १९३९ मध्ये संमत झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि अंमलबजावणी रेंगाळली.

१४/ याच विधिमंडळात आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातील खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. साऱ्यात सूट दिली तर ती जमीनधारकाला मिळते. खोताच्या कुळाला त्यातून काय मिळाले, हा त्यामागचा प्रश्न होता. विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

१५/ आणि तो अठरा पेन्सांचा रुपया? स्वातंत्र्यानंतर चलनावर आपली सत्ता आली, तरीही पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै हाच दर कायम राहिला. आता देशाला यंत्रे आणि धान्य आयात करायचे होते. महाग रुपया त्यासाठी सोयीचा होता. तो बदलला ६ जून १९६६ रोजी, इंदिरा गांधींच्या सरकारने अवमूल्यन केले तेव्हा. पौंड २१ रुपयांचा झाला.

१६/ मंदीत प्रत्येक सरकार कोणाला तरी वाचवते आणि त्याची किंमत कोणाकडून तरी वसूल करते. म्हणून कोणत्याही नेत्याचे मूल्यमापन करताना तीन गोष्टी तपासाव्यात : त्याच्या हाती काय होते, त्याने कोणाचे देणे हलके केले आणि ते ओझे कोणाच्या खांद्यावर गेले. १९३१ मध्ये ते शेतकरी घरातील स्त्रियांच्या दागिन्यांवर गेले होते. नाशिकरोडला छापलेल्या नोटेवर त्याची नोंद कोठेही नव्हती.