दुसऱ्यासाठीं धांवणें

मुंबईंत २००४ सालापासून, मधलीं साथीचीं वर्षें सोडलीं तर, मॅरेथॉनची मोठी शर्यत भरत आली आहे. पुरा पल्ला बेचाळीस किलोमीटरांहून थोडा अधिक. त्याच्या निम्म्यास अर्धमॅरेथॉन म्हणतात, आणि नव्यानें धांवूं लागलेलीं कित्येक माणसें प्रथम या निम्म्या पल्ल्यावरच आपला दम अजमावतात. शर्यत दोनतीन महिन्यांवर आली कीं पुष्कळ सुशिक्षित घरांत एक ठराविक प्रसंग घडतो. कोणाची तरी पुतणी किंवा भाचा येतो, आणि चहा घेतां घेतां म्हणतो, "यंदा मी पहिल्यानेंच एकवीस किलोमीटर धांवणार आहें. अमुक संस्थेसाठीं तुम्ही कांहीं तरी द्या." घरचीं वडील माणसें देतात, नातें जपावयाचें असतें. परंतु पाहुणा गेल्यावर कोणी तरी विचारतोच, "धांवणार तो, आणि पैसे आम्ही कां द्यावयाचे? मदतच करावयाची तर ती संस्थेकडे परभारें पाठवितां येत नाहीं काय?"

हा प्रश्न चेष्टेनें विचारला जातो, तरी तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाहीं. विहीर खणणाऱ्याच्या घामाचें पाणी होतें, दळणाऱ्याच्या घामाचें पीठ होतें; धांवणाऱ्याच्या घामाचें काय होतें? एकवीस किलोमीटर पळून जाणारा मनुष्य रस्त्यावर कांहींच ठेवून जात नाहीं. त्याच्या धांवण्यानें कोणाही रोग्याचा ज्वर उतरत नाहीं. मग धांवणें आणि दान यांची गांठ पडली ती कशी, व ती पडली त्यांत कांहीं अर्थ आहे काय? हें पाहावयाचें तर चाळीस-पंचेचाळीस वर्षें मागें जाऊन, आम्हांस वाटतें, एका मुलाची हकीकत नीट समजून घेतली पाहिजे.

शर्यतीचा इतिहास येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. १८९६ सालीं अथेन्स येथें ती नव्यानें सुरू झाली. आजचें अंतर प्रथम १९०८ च्या लंडनच्या सामन्यांत धांवलें गेलें, व १९२१ सालीं तें कायम ठरलें. या साऱ्या काळांत ती मुख्यतः निवडक वीरांची शर्यत होती. सामान्य माणसानें नोकरीधंदा सांभाळून तिच्यांत उतरावें आणि उतरतांना दुसऱ्याच्या दुःखासाठीं हात पसरावा, ही रीत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली ती १९८० नंतर. आणि त्या रीतीच्या मुळाशीं कोणी नामांकित धांवपटू नसून एका पायाचा, बाविशी न ओलांडलेला विद्यार्थी आहे.

टेरी फॉक्स याचा जन्म २८ जुलै १९५८ रोजीं कॅनडांतील विनिपेग येथें झाला. वाढला तो पश्चिम किनाऱ्याजवळ, पोर्ट कोक्विटलम या गांवीं. बास्केटबॉलची त्यास भारी हौस, पण अंगीं कसब बेताचें. शाळेच्या संघांत आरंभीं तो सर्वांत कच्चा गणला जाई. शिक्षकानें त्यास रानोमाळ धांवण्याचा सराव करावयास सांगितलें. धांवणें त्यास मुळींच आवडत नव्हतें, केवळ शिक्षकाचा मान राखावयाचा म्हणून तो धांवूं लागला. शाळा सोडतेवेळीं उत्कृष्ट खेळाडूचें बक्षीस त्यानें आपला मित्र डग ऑल्वर्ड याच्याबरोबर वांटून घेतलें. उपजत गुण थोडा आणि चिकाटी फार, असा हा मुलगा होता. पुढच्या हकीकतीची किल्ली आम्हांस येथेंच सांपडते.

मार्च १९७७ मध्यें, अठराव्या वर्षीं, त्याच्या उजव्या गुडघ्यांत हाडाचा कर्करोग निघाला. गुडघ्याच्या वर सहा इंचांवर पाय कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं त्याच्या शाळेंतील एका क्रीडाशिक्षकानें त्यास एका मासिकांतील लेख आणून दाखविला. न्यूयॉर्कच्या १९७६ च्या मॅरेथॉनमध्यें डिक ट्रॉम नांवाचा एक गृहस्थ कृत्रिम पायानें पुरा पल्ला धांवला होता, त्याची ती हकीकत होती. पुढें सोळा महिने जालीम औषधांचे उपचार झाले. या काळांत दोन गोष्टी त्याच्या मनांत रुतून बसल्या. एक म्हणजे इस्पितळांतल्या सोबत्यांच्या यातना. दुसरी गोष्ट डॉक्टरांनीं सांगितलेल्या आंकड्यांची. त्याच्या जगण्याचा संभव शेंकडा पन्नास होता. दोनच वर्षांपूर्वीं तो शेंकडा पंधरा असता. म्हणजे मधल्या दोन वर्षांत कोणीतरी प्रयोगशाळेंत जें काम केलें, त्याचें देणें आपण लागतों, असा त्यानें हिशेब मांडला. दानाचा उगम बहुधा दयेंत असतो. फॉक्सच्या बाबतींत तो ऋणांत होता. आमच्याकडे ऋण हा शब्द पितरांपासून ऋषींपर्यंत पोंचविला आहे. या मुलानें तो अनोळखी संशोधकांपर्यंत नेला, एवढेंच.

१९७९ च्या आरंभीं त्यानें तालीम सुरू केली. देशाच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत धांवावयाचें, हा खरा बेत त्यानें ऑल्वर्ड यास तेवढा सांगितला. घरीं सांगितलें कीं, एका मॅरेथॉनची तयारी चालली आहे. त्या वेळचा कृत्रिम पाय चालण्यासाठीं केलेला. धांवतांना बसणारा धक्का त्यास सोसेना. पायाची घडण बदलून पाहिली तरी अडचण संपली नाहीं. कृत्रिम पाय पुढें येऊन टेंकेपर्यंत वेळ लागे, म्हणून डाव्या पायानें दोन उड्या आणि उजव्याचें एक पाऊल, अशी त्याची चाल ठरून गेली. कापलेल्या पायाचें टोंक घासून फोड येत, रक्त निघे. पहिलीं वीस मिनिटें असह्य जात. त्यापुढें वेदना अंगवळणीं पडे, असा त्याचा अनुभव होता. एकदां तर त्यानें ओळीनें एकशेंएक दिवस खंड न पाडतां सराव केला, आणि रोज तेवीस मैल जाण्याची तयारी झाली तेव्हांच त्याचें समाधान झालें. नाताळाच्या दिवशीं त्यानें विसांवा घेतला, तोही आईच्या शब्दाखातर. या पंधरा महिन्यांत तो पांच हजारांहून अधिक किलोमीटर धांवला. तेव्हां ना वर्तमानपत्रें होतीं, ना वर्गणी, ना टाळ्या.

सप्टेंबर १९७९ च्या सुमारास प्रिन्स जॉर्ज या गांवीं सतरा मैलांची एक शर्यत झाली. फॉक्सची ही पहिली मोठी शर्यत. तो सर्वांत शेवटीं आला. त्याच्या पुढचा मनुष्य दहा मिनिटें आधीं पोंचला होता. तरी जे पुढें गेले होते ते समाप्तीच्या रेषेपाशीं थांबून राहिले, आणि त्यांनीं डोळ्यांत पाणी आणून त्याचें स्वागत केलें. यानंतर त्यानें घरीं खरा बेत सांगितला. आईनें विरोध केला. पुढें तीच त्याच्या पाठीशीं उभी राहिली.

मग त्यानें कॅनडाच्या कर्करोग-निवारक संस्थेस पत्र लिहून आपला मनोदय कळविला. संस्थेस फारसा विश्वास वाटला नाहीं. आधीं साह्यकर्ते मिळव, डॉक्टरांचा दाखला आण, मग पाहूं, असा सावध जबाब आला. त्या अधिकाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. आमच्याकडे ज्यांस एके काळीं फंडगुंड म्हणत, तसल्यांचा अनुभव जगांत सर्वत्रच येत असावा. फॉक्सनें गाडी, इंधन आणि बूट मिळविले. त्याचें हृदय वाढलेलें आढळलें, तेव्हां तेथें कांहीं बिघाड जाणवल्यास थांबेन, असें वचन त्यानें दिलें. मात्र एक नियम त्यानें कधींही मोडला नाहीं. ज्या कंपनीनें आपल्या मालाची शिफारस कर म्हणून म्हटलें तिला त्यानें परत पाठविलें, आणि अटी घातलेली देणगी नाकारली. आपल्या धांवण्यावर कोणीही नफा मिळवूं नये, हा त्याचा आग्रह होता.

१२ एप्रिल १९८० रोजीं सेंट जॉन्स येथें कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यांत बुडवून तो निघाला. दोन बाटल्या पाणी भरून घेतलें. त्यांतील एक पॅसिफिकमध्यें ओतावयाची होती. पहिल्याच दिवसांत सोसाट्याचा वारा, पाऊस आणि बर्फाचें वादळ. ऑल्वर्ड गाडी हांकी आणि स्वयंपाक करी. पुढें दोघां मित्रांचें इतकें बिनसलें कीं बोलणें बंद झालें, आणि फॉक्सचा सतरा वर्षांचा भाऊ मध्यस्थीस आला. आरंभीं रस्त्यावर कोणी फिरकेना. पोर्ट-ओ-बास्क या दहा हजार वस्तीच्या गांवानें मात्र दहा हजारांहून अधिक डॉलर त्याच्या हातीं ठेविले. माणशीं एक डॉलर! प्रथम त्याचा संकल्प दहा लाखांचा होता; पुढें वाढत वाढत तो देशांतील प्रत्येक माणसामागें एक डॉलर, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख, असा झाला. क्वेबेक प्रांतांत भाषा निराळी पडली, वर्गणी थोडी जमली, आणि कित्येक मोटारवाल्यांनीं त्यास रस्त्याखालीं उतरविलें. उलट जुलैमध्यें टोरोंटो शहरांत दहा हजार लोक त्याच्यासाठीं जमले.

१ सप्टेंबर रोजीं थंडर बे शहराबाहेर त्यास खोकल्याची उबळ आली, छातींत कळ उठली. बाजूला उभ्या असलेल्या लोकांच्या देखत थांबणें त्यास रुचेना. तो आणखी कांहीं अंतर धांवला, आणि मग गाडींत बसून त्यानें इस्पितळांत न्यावयास सांगितलें. रोग फुफ्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर आला होता. म्हणजे दररोज सरासरीनें जवळजवळ पावणेदोन अर्धमॅरेथॉन, एका पायावर. आणि नवल असें कीं, जी धांव पुरी झाली असती तर कदाचित् लोक समारंभ करून विसरले असते, ती अपुरी राहिल्यावर पैशाचा ओघ सुरू झाला. दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमांतच एक कोटी पांच लाख डॉलर जमले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत रक्कम दोन कोटी एकेचाळीस लाखांवर गेली, आणि माणशीं एक डॉलरचा संकल्प त्याच्या हयातींत पुरा झाला.

येथें आम्ही एक गोष्ट स्पष्टपणें बोलून दाखवितों, कारण चरित्रें वाचून भारावलेले तरुण ती विसरतात. फॉक्सची तालीम हा नवशिक्याचा कित्ता नव्हे. धांव चालूं असतां वैद्यकीय तपासणीस तो टाळाटाळ करी, आणि कोणी धोका सांगितल्यास उडवून लावी. ज्यास प्रथमच एकवीस किलोमीटर जावयाचें आहे त्यानें तीनचार महिने हातीं ठेवावे, आठवड्यांतून एकदांच लांब पल्ला घ्यावा, तो थोडाथोडा वाढवावा, आणि विसाव्याचे दिवस कांटेकोरपणें पाळावे. दम लवकर वाढतो. हाडें आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात, आणि बहुतेक दुखणीं या दोहोंच्या अंतरांत उद्भवतात. फॉक्सपासून घ्यावयाचें तें वेदना सोसण्याचें प्रमाण नव्हे. कोणाकडे एक पैसा मागण्यापूर्वीं तो सव्वा वर्ष एकटा राबला, हें घ्यावयाचें. परभारें पैसे कां पाठवूं नयेत, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथें दिसतें. परभारें अवश्य पाठवावे. पण आपण ते पाठवीत नव्हतों, ही खरी गोष्ट आहे. मागणारानें आपले महिने आधीं टाकलेले पाहून देणारास स्वतःच्या खिशाची आठवण होते. धांवणाऱ्याच्या घामाचें होतें तें हें.

२८ जून १९८१ रोजीं, तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर असतां, टेरी फॉक्स निवर्तला. त्याच दिवशीं, अटलांटिकच्या दुसऱ्या बाजूस, इंग्लंडांतील न्यूकॅसल शहरांतून सुमारें बारा हजार माणसें एका नव्या अर्धमॅरेथॉनसाठीं निघालीं होतीं. ब्रेंडन फॉस्टर या धांवपटूनें सुरू केलेली ही शर्यत पुढें जगांतील अत्यंत मोठ्या अर्धमॅरेथॉनांत गणली गेली. २०१४ सालीं तिची समाप्तीरेषा ओलांडणारांची संख्या दहा लाखांवर पोंचली, आणि त्यांतील असंख्य लोक छातीवर कोणत्या ना कोणत्या संस्थेचें नांव लावून धांवले. या दोन घटनांचा परस्परांशीं संबंध नव्हता. तारीख तेवढी एक. परंतु एका बाजूस एकट्याची धांव संपत असतां दुसऱ्या बाजूस हजारोंची सुरू व्हावी, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

फॉक्सच्या नांवानें दरवर्षीं धांव व्हावी, अशी सूचना त्याच्या हयातींतच इसाडोर शार्प या हॉटेलमालकानें केली होती. त्याचा स्वतःचा मुलगा कर्करोगानें गेला होता. फॉक्सनें रुकार दिला, पण अट घातली: चढाओढ नको, विजेता नको, पराभूत नको, ज्यास जसें जमेल तसें त्यानें धांवावें किंवा चालावें. १३ सप्टेंबर १९८१ रोजीं पहिल्या खेपेस तीन लाखांहून अधिक माणसें आलीं आणि पस्तीस लाख डॉलर जमले. तेव्हांपासून या नांवानें संशोधनासाठीं मिळालेली रक्कम ८० कोटी डॉलरांवर गेली आहे. ज्या रोगानें त्याचा पाय गेला, त्या रोगांत आज बहुतेक मुलांचा पाय वांचवितां येतो.

थंडर बे शहराजवळ, तो जेथें थांबला त्या रस्त्याच्या बाजूस, १९८२ सालीं त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला. त्याचें तोंड पश्चिमेकडे आहे. पॅसिफिक तेथून अद्याप एकतृतीयांश वाटेवर राहतो.